भीमेकाठच्या तीन गावांची नावे

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

भीमा पंढरपुराला चंद्रकोरीसारखी वळते आणि म्हणून तिथे तिला चंद्रभागा म्हणतात, हे महाराष्ट्रातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. पंढरपूर मागे पडले की मात्र या नदीची फारशी चौकशी कोणी करत नाही. वारकऱ्यांची पाठ फिरते, आणि नदी आमच्या सोलापूर जिल्ह्याच्या काळ्या रानातून, कधी उसाच्या तर कधी ज्वारीच्या फडांमधून मुकाट्याने खाली कर्नाटकाकडे निघून जाते. माझी आजी तिला भिवरा म्हणायची. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण नदीचे नाव आजीच्या तोंडी अभंगातले होते.

सोलापूर-मंगळवेढा रस्ता ही नदी जिथे ओलांडतो, तिथे तीन गावे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. उत्तरेच्या काठावर बेगमपूर, ते मोहोळ तालुक्यात. दक्षिणेच्या काठावर माचणूर आणि ब्रह्मपुरी, ती मंगळवेढा तालुक्यात. नदी ही दोन तालुक्यांची हद्द. १९४८ पर्यंत मंगळवेढे सांगली संस्थानात होते, म्हणजे या भागात एके काळी इंग्रजी मुलूख आणि संस्थानी मुलूख शेजारी शेजारी नांदत होते. ग्रामपंचायतीची गावे ही. ऊस, ज्वारी, दूध, सोसायटीचे कर्ज, पाण्याच्या पाळीची भांडणे. तुमच्या-माझ्या कुठल्याही गावासारखी.

पण यातली ब्रह्मपुरी चार वर्षे आणि पाच महिने हिंदुस्थानची राजधानी होती.

कागदावर राजधानी दिल्लीच होती, हे खरे. पण मोगलांच्या रिवाजात बादशहा जिथे, तिथे राज्य. आणि मे १६९५ पासून ऑक्टोबर १६९९ पर्यंत आलमगीर औरंगजेब बादशहाचा मुक्काम ब्रह्मपुरीला होता. काबूलपासून बंगालपर्यंतचे फर्मान इथून सुटत. सरदारांच्या बढत्या इथे होत, बदल्या इथे होत, माना इथे खाली जात. ज्या गावाला आज तालुक्याचाही मान नाही, त्या गावाच्या शिवारात तेव्हा सांडणीस्वार काबूलचा खलिता घेऊन उतरत होते.

बादशहा इथे आला कसा? थोडे मागे जाऊ. १६८२ मध्ये तो दक्षिणेत उतरला तो पुन्हा उत्तरेला गेलाच नाही. १६८५-८६ मध्ये आमच्या सोलापुरातच त्याचा तळ होता. १६८६ मध्ये विजापूर पडले, १६८७ मध्ये गोवळकोंडा. १६८९ च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराज कैद होऊन बहादूरगडाला, म्हणजे भीमेकाठच्याच पेडगावला आणले गेले आणि मार्चमध्ये भीमा-इंद्रायणीच्या परिसरात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला. महाराणी येसूबाई आणि सात वर्षांचे शाहूराजे बादशाही कैदेत आले. नकाशावर पाहिले तर औरंगजेबाने सर्व काही जिंकलेले होते. तेव्हा तो सत्तरीत होता. सगळे जिंकून झाल्यावर माणूस घरी जातो. हा गेला नाही, कारण जिंकलेले काहीच हातात राहत नव्हते. राजाराम महाराज जिंजीला बसले होते आणि संताजी-धनाजी मोगली फौजांना झोपू देत नव्हते. राजा कैदेत, गादी शेकडो कोस दूर, तरीही लढाई चालूच. असा शत्रू त्याने पाहिलेला नव्हता. म्हणून त्याला असे ठिकाण हवे होते, जिथून विजापूर, सोलापूर आणि सह्याद्रीतले किल्ले या सगळ्यांवर नजर ठेवता येईल, आणि जिथे बारमाही पाणी असेल. भीमेचा हा काठ त्याला पसंत पडला. आमच्या भागात पाणी पाहूनच मुक्काम करतात. बादशहालाही त्यातून सुटका नव्हती.

ही छावणी केवढी असेल, याची कल्पना एका इटालियन प्रवाशामुळे येते. नेपल्सकडचा जेमेल्ली कारेरी नावाचा हा वकील स्वतःच्या पैशाने जग बघायला निघाला होता. मार्च १६९५ मध्ये तो कृष्णाकाठी गलगल्याच्या छावणीत औरंगजेबाला भेटला. दोनच महिन्यांनी तोच सगळा संसार उठून ब्रह्मपुरीला आला, म्हणून कारेरीचे वर्णन आपल्याही उपयोगाचे. त्याच्या अंदाजाने छावणीत साठ हजार घोडेस्वार, एक लाख पायदळ, पन्नास हजार उंट, तीन हजार हत्ती होते. अडीचशे बाजार होते आणि एकूण माणूस पाच लाखांच्या घरात. छावणीचा घेर तीस मैल. प्रवाशाचे आकडे जरा हात सैल सोडून घ्यावेत, हे मलाही कळते. निम्मे धरा. तरी त्या काळी एवढ्या वस्तीची शहरे जगात मोजकीच होती.

कारेरीने बादशहाचेही चित्र काढले आहे. बुटका, सडपातळ, लांब नाकाचा, वयाने वाकलेला म्हातारा. सावळ्या चेहऱ्यावर पांढरीशुभ्र दाढी. लोकांचे अर्ज तो स्वतः, चष्म्याशिवाय वाचत होता आणि त्यावर आपल्या हाताने शेरा मारत होता. कवी म्हणून मला या चित्रात एक गोष्ट सारखी दिसते. इतका बारीक अक्षर वाचणारा माणूस, आणि समोर पसरलेला मुलूख काय म्हणतो आहे ते त्याला वाचता आले नाही.

पाच लाखांचे सोडा, दोन लाख माणसे जरी धरली, तरी ती खातात काय? इतिहासाच्या पुस्तकात लढायांच्या तारखा असतात, पण हत्तीला लागणाऱ्या चाऱ्याचा हिशेब नसतो. मंगळवेढ्याची ज्वारी आज प्रसिद्ध आहे. २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पावसाने धरून ठेवलेल्या ओलीवर, थंडीत दवावर येणारे हे पीक. त्याची भाकरी माणसाला आणि कडबा जनावराला. शेतकऱ्याचे वर्षाचे गणित या दोन गोष्टींवर बसते. आता या गणितात हजारो घोडे, उंट आणि बैल आणून उभे करा. वैरण संपली की वैरणीसाठी फौजेच्या टोळ्या दहा-दहा, वीस-वीस कोस जात. सरपणासाठी झाडे जात. बंजाऱ्यांचे तांडे लांबून धान्य आणीत, पण वाटेत मराठ्यांनी तांडा अडवला की छावणीत धारण वाढे. मानुची नावाचा दुसरा एक इटालियन औरंगजेबाच्या या दक्षिणेतल्या वर्षांबद्दल लिहितो, की बादशहा ज्या मुलखातून गेला तिथे झाडे आणि पिके राहिली नाहीत, त्यांच्या जागी माणसांची व जनावरांची हाडे राहिली.

ब्रह्मपुरीच्या पाटलाने, माचणूरच्या गुरवाने, तिथल्या कुंभाराने, मुलाण्याने ती चार वर्षे कशी काढली असतील, याची बखर कोणी लिहिलेली नाही. थोड्यांचे भलेही झाले असेल. दूध, लोणी, मडकी, दोर, खाटा, घोंगड्या यांना गिऱ्हाईक तर होतेच होते. पण ज्याच्या रानात तंबू ठोकला, त्याने पेरणी कुठे केली असेल?

मराठीत आपण ‘बाजारबुणगे’ हा शब्द सहज वापरतो, बहुधा शिवी म्हणूनच. मूळ अर्थ फौजेमागे चालणारे बिनलढाऊ लोक: वाणी, शिंपी, न्हावी, भिश्ती, स्वयंपाकी, नाचणाऱ्या बायका, त्यांची पोरेबाळे. छावणीत लढणाऱ्यांपेक्षा हेच जास्त. आणि छावणीला तुर्की भाषेत ‘ओर्दू’ म्हणतात, त्यावरूनच उर्दू भाषेचे नाव आले. उत्तरेची खडी बोली, आमची दखनी, कानडी, तेलुगू आणि मराठी यांचा भीमेच्या वाळवंटात भाजीच्या भावावरून जो काही संवाद झाला असेल, तो ऐकायला मिळाला असता तर मी माझ्या दोन-चार कविता देऊन टाकल्या असत्या.

उत्तरेतून आलेले लोक कंटाळले होते. कित्येकांनी वर्षानुवर्षे घर पाहिले नव्हते. छावणीतच जन्मलेली आणि तंबूखेरीज दुसरे छप्पर न पाहिलेली एक पिढी वाढत होती. एका सरदाराने वर्षभर दिल्लीला राहू द्यावे म्हणून बादशहाला लाख रुपये देऊ केल्याची हकीकत जदुनाथ सरकारांच्या ग्रंथात आहे. रजेसाठी साहेबाच्या हातापाया पडणारा आजचा कर्मचारी आणि तो सरदार यांत तसा फरक नाही, फक्त लाखाचा.

याच गावातून काय काय ठरले, ते पाहिले म्हणजे चक्रावून जायला होते. सप्टेंबर १६९५ मध्ये मक्केच्या यात्रेकरूंना घेऊन सुरतेकडे परतणारे ‘गंज-ए-सवाई’ हे बादशाही जहाज हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने समुद्रात लुटले. यात्रेकरूंवर, बायकांवर अत्याचार झाले. तेव्हा औरंगजेब ब्रह्मपुरीला होता. सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांच्या पायांत बेड्या पडल्या, त्यांचा व्यापार थांबला आणि लंडनच्या कंपनीचे धाबे दणाणले. इंग्लंडच्या सरकारने एव्हरीला पकडण्यासाठी बक्षीस जाहीर केले, तो मात्र सापडला नाही. आणि १६९८ मध्ये, बादशहा अजून इथेच असताना, तिकडे बंगालमध्ये त्याच्या नातवाने, शहजादा अजीम-उश-शानने, त्याच कंपनीला सुतानुटी, कलकत्ता आणि गोविंदपूर या तीन गावांची जमीनदारी घेण्याची परवानगी दिली. तीही नदीकाठची तीन गावे! हुगळीकाठच्या त्या तीन गावांचे पुढे महानगर झाले आणि त्यांनी हिंदुस्थान गिळला. भीमेकाठची तीन गावे तीनच राहिली. म्हाताऱ्या बादशहाचे लक्ष सह्याद्रीकडे होते. हुगळीकडे लक्ष द्यावे असे तेव्हा कुणालाच वाटले नसेल.

सह्याद्री तर त्याला स्वस्थता देतच नव्हता. नोव्हेंबर १६९५ मध्ये, म्हणजे ब्रह्मपुरीला येऊन सहा महिने होतात न होतात तोच, दोड्डेरीला संताजी घोरपड्यांनी कासिमखानाच्या फौजेला कोंडले. खान तिथेच मेला आणि बाकीच्यांनी खंडणी कबूल करून जीव वाचवले. जानेवारी १६९६ मध्ये हिंमतखान पडला. या बातम्या छावणीत कशा पोचल्या असतील, त्या रात्री अडीचशे बाजारांत काय कुजबूज झाली असेल! आणि जून १६९७ मध्ये संताजी मारले गेले, तेही मोगलांच्या पराक्रमाने नव्हे. आपसातल्या बेबनावाने ते एकटे पडले होते. म्हसवडच्या नागोजी माने यांनी त्यांना गाठले. त्यांचे शिर बादशहाकडे पाठवण्यात आले. ज्याच्या नावाने मोगलांचे घोडे पाणी पीत नसत अशी दंतकथा झाली, त्या सेनापतीचा शेवट असा आपल्याच माणसाच्या हातून व्हावा, हे आठवले की आजही जीव तुटतो.

बादशहाच्या वाट्याला या आनंदाचे दिवस थोडेच आले. त्याच पावसाळ्यात, जुलै १६९७ मध्ये, भीमेला महापूर आला.

सोलापूरकरांना भीमेचा पूर सांगायला नको. पाऊस इथे नसतो. तो वर मावळात, पुण्याच्या घाटात पडतो. इकडे आकाश कोरडे, पेरण्या खोळंबलेल्या, आणि रात्रीतून नदी दारात. उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले तेव्हापासून नदीला दरवाजे आले, पण पूर थांबले नाहीत. ऑक्टोबर २०२० मध्ये पंढरपूर, मंगळवेढा, मोहोळ भागातली नदीकाठची गावे पुन्हा पाण्यात होती. १६९७ मध्ये तर दरवाजेही नव्हते आणि विसर्गाचा आकडा सांगणारा पाटबंधारे खात्याचा माणूसही नव्हता. वाळवंटात आणि काठावर पसरलेले तंबू, जनावरे, बाजार, धान्याच्या राशी पाण्याने नेल्या. माणसे किती गेली याची मोजदाद झाली नाही. उंचवट्यावर जागा धरण्यासाठी झुंबड उडाली. त्या वेळी बादशहाने प्रार्थनेची वचने आपल्या हाताने कागदांवर लिहून ते कागद पाण्यात सोडायला लावले, अशी हकीकत आहे. पाणी पुढे उतरले. पूर उतरतोच.

या गोष्टीवर काही जण हसतात. मला हसू येत नाही. पाणी चढू लागले की आमच्या बायका आजही नदीची ओटी भरतात, नारळ सोडतात. पाच लाखांची छावणी आणि तीन हजार हत्ती पदरी असलेला माणूस त्या दिवशी माचणूरच्या एखाद्या म्हातारीएवढाच उरला होता.

छावणीत आणखी एक मुक्काम होता, त्याची आठवण ठेवलीच पाहिजे. बादशहाच्या डेऱ्यांच्या आसपास, पहाऱ्यात, येसूबाई आणि शाहूराजे राहत होते. शाहूंचा जन्म १६८२ चा. म्हणजे ब्रह्मपुरीला आले तेव्हा ते तेरा वर्षांचे आणि छावणी उठली तेव्हा सतरा वर्षांचे. मिसरूड फुटण्याचा काळ त्यांनी या नदीच्या काठी काढला. पुढे साताऱ्याला ज्यांनी चार दशके राज्य केले आणि ज्यांच्या छत्राखाली मराठ्यांची घोडी नर्मदेपार गेली, ते छत्रपती वयात आले ते आमच्या मंगळवेढा तालुक्यात, शत्रूच्या पहाऱ्यात. या मायलेकांवर बादशहाची मुलगी जीनत-उन-निसा हिची माया होती, असे इतिहासकार सांगतात. ती अविवाहित होती, बापाचा संसार सांभाळत होती. ज्या घराने यांचे सर्वस्व हिरावले, त्याच घरातली एक बाई यांच्या ताटाची आणि पांघरुणाची काळजी घेते, हे काही नाटककाराने रचलेले नाही. औरंगजेब म्हटले की आपल्याकडे दोनच सूर लागतात. विषय निघाला की समोरचा आधी माझ्या नावाकडे एकदा पाहतो आणि मग मी कुठला सूर लावतो याची वाट बघतो. मी त्याला जीनतची आणि येसूबाईंची गोष्ट सांगतो. तिथे दोन्ही सूर अडखळतात.

आता नावांकडे येतो. मुळात बोलायचे होते ते याविषयीच.

ब्रह्मपुरीला मुक्काम ठरल्यावर बादशहाने गावाचे नाव बदलले आणि इस्लामपुरी केले. फारसी कागदांत पुढे सगळीकडे इस्लामपुरीच येते. गंमत पाहा, ‘ब्रह्म’ गेले पण ‘पुरी’ राहिली. निम्मे नाव संस्कृतच उरले. नावे बदलायची त्याला हौसच होती. पुढच्या काही वर्षांत एकेक किल्ला घेतला की त्याला तो नवे नाव देई. साताऱ्याचे आझमतारा, सिंहगडाचे बक्षिंदाबक्ष, तोरण्याचे फुतुहुल्गैब, विशाळगडाचे सख्खरलाना. पुण्याचेही मुहियाबाद झाले होते. आज पुण्याच्या किती रिक्षावाल्यांना मुहियाबाद ठाऊक आहे? फुतुहुल्गैब हा शब्द तर तोरण्याच्या चढासारखाच. अर्ध्यावर दम लागतो. नावे वाईट नव्हती, काही तर फार सुंदर अर्थाची होती. पण ती वरून आली होती. पाणी भरणाऱ्या बाईच्या, गुराख्याच्या, बाजाराला निघालेल्या माणसाच्या जिभेवर ती चढलीच नाहीत. छावणी उठली, कारकून गेले, आणि इस्लामपुरी कागदातच राहिली. गाव पुन्हा ब्रह्मपुरी झाले असे मी म्हणणार नाही, कारण गावापुरते ते कधी बदललेच नव्हते.

सगळीच नावे अशी जात नाहीत, हेही सांगितले पाहिजे. औरंगजेब शहजादा असताना ज्या शहराला त्याचे नाव मिळाले, ते मलिक अंबरच्या खडकीचे औरंगाबाद, तीन शतकांहून अधिक काळ जिभेवर राहिले. २०२३ मध्ये त्याचे छत्रपती संभाजीनगर झाले. त्याच वेळी आमच्या शेजारच्या उस्मानाबादचे धाराशिव झाले. धाराशिवचे मला नवल वाटले नव्हते. निजामाच्या राज्यात नाव उस्मानाबाद झाले, तरी बार्शीच्या बाजारात आलेली म्हातारी माणसे ‘धाराशिवास्नं आलो’ असेच सांगायची. हिंदूही सांगायचे, मुसलमानही सांगायचे. ते नाव घालवण्याचा कुणी ठराव केला नव्हता आणि ते टिकवण्यासाठी कुणी मोर्चा काढला नव्हता. संभाजीनगरच्या बाबतीत काय होते, ते जिभा ठरवतील. त्याला वेळ लागतो.

माचणूरचे नाव याहून मजेचे. नदीच्या कडेला सिद्धेश्वराचे प्राचीन देऊळ आहे, घाट आहे, आणि शेजारी औरंगजेबाने बांधलेला म्हणून सांगतात तो किल्ला. लोक एक आख्यायिका सांगतात. बादशहाने देव खरा की खोटा हे पाहण्यासाठी मांसाचा नैवेद्य झाकून पाठवला. पुजाऱ्याने कापड काढले तर आत पांढरी फुले! मांसाचा नूर पालटला, म्हणून ‘मांस-नूर’, म्हणून माचणूर. आणि मग बादशहाने देवळाला वर्षासन लावून दिले, असा गोष्टीचा शेवट.

मी भाषेचा माणूस असल्यामुळे मला वाटते ते सांगतो. ‘ऊर’ म्हणजे कानडीत गाव. आमच्या हत्तूर, अणदूर, लातूर यांच्यासारखेच माचणूर हे त्या कुळातले नाव असावे. मंगळवेढे कलचुरींची राजधानी होते आणि हा सारा पट्टा शतकानुशतके कानडी-मराठीचा सामायिक. याच नदीवर खाली, सीना जिथे भीमेला मिळते त्या हत्तरसंग कुडलला, शके ९४० चा, म्हणजे १०१८ चा मराठी शिलालेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. म्हणजे औरंगजेब येण्याआधी निदान पावणेसातशे वर्षे या काठावर मराठी दगडात कोरली जात होती आणि गावांची नावे कानडीत चालली होती. बादशहा तर कालचा.

पण आख्यायिका खोटी ठरली म्हणून मी ती टाकून देणार नाही. तिच्यातला ‘नूर’ अरबी आहे. नूर म्हणजे प्रकाश. मराठीत येताना त्याचा अर्थ चेहऱ्यावरची कळा असा झाला. ‘त्याचा नूर काही वेगळाच होता’ असे आपण म्हणतो, तेव्हा अरबी बोलतो आहोत याची आठवणही होत नाही. बादशहाच्या तोंडावर देवाची बाजू सांगणारी ही गोष्ट रचताना गावाला बादशहाकडचाच शब्द सापडला. आणि गोष्टीत बादशहाचा शिरच्छेद होत नाही, त्याला वीज लागत नाही. तो वरमतो आणि देवळाला उत्पन्न लावून देतो. ज्यांच्या कडब्याच्या गंज्या त्याने रिकाम्या केल्या, त्या लोकांनी रचलेली ही गोष्ट आहे.

पैलतीरी बेगमपूर. नदीच्या काठावर एक थडगे आहे, साधे आणि भक्कम. बादशहा समोरच्या काठावर असताना त्याची मुलगी वारली, तिला इथे पुरले, म्हणून गावाचे नाव बेगमपूर, असे परंपरेने सांगतात. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरनेही तेच छापले. पण औरंगजेबाच्या मुलींचा हिशेब लागतो. त्या पाच होत्या. बद्र-उन-निसा १६७० मध्येच वारली. थोरली जेब-उन-निसा, ‘मख्फी’ नावाने कविता करणारी, बापाच्या रोषामुळे दिल्लीच्या सलीमगडात वीस वर्षे कैदेत राहिली आणि १७०२ मध्ये तिथेच गेली. मिहर-उन-निसा १७०६ मध्ये, जुब्दत-उन-निसा १७०७ मध्ये दिल्लीत. येसूबाईंची जीनत तर बापाच्या मागे चौदा वर्षे जगली आणि १७२१ मध्ये दिल्लीला वारली. म्हणजे १६९५ ते १६९९ या काळात पाचांतली एकही मेलेली नाही. बेगमपूरची बेगम बादशहाची लेक नव्हे.

जनानखान्यात बेगमा पुष्कळ असत. सरदारांच्या बायका असत, सुना, नाती, दाया असत. त्यांच्यातलीच कुणी तरी एक. उत्तरेतून दोन-तीनशे कोस तंबूतंबूतून आलेली, ज्वराने म्हणा, बाळंतपणात म्हणा, या पाण्याच्या काठी डोळे मिटलेली. तिचे स्वतःचे नाव गावाने ठेवले नाही, फक्त ती बेगम होती एवढे ठेवले. लोकांनी तिला बादशहाची लेक केले, ते आपल्या रीतीप्रमाणे; परक्या मुलखात मेलेली बाई कुणाची तरी लेक तर असणारच.

मार्च २०२५ मध्ये खुलताबादच्या साध्या मातीच्या कबरीवरून राज्यात वातावरण तापले होते, नागपुरात दंगल झाली. त्या दिवसांत बेगमपूरच्या थडग्याची आठवण कुणाला झाली नाही, हे बरेच झाले. ऑक्टोबर १६९९ मध्ये बादशहा वसंतगड आणि साताऱ्याच्या मोहिमेवर निघाला, तेव्हा जनाना, जड सामान आणि म्हातारा वजीर असदखान यांना त्याने ब्रह्मपुरीलाच ठेवले होते. पुढे तेही हलले. तळाभोवती घातलेला मातीचा कोट पावसांनी विरघळला आणि रानात मिसळला. त्या रानात पुन्हा ज्वारी उभी राहिली. कित्येक वर्षे सोलापूर शहराच्या पिण्याचे पाणी उजनीतून सोडले की याच पात्रातून, माचणूरच्या घाटाला आणि बेगमपूरच्या थडग्याला वळसा घालून औजच्या बंधाऱ्याकडे गेले. आमच्या घरी नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचे. ‘पाणी बेगमपुरापर्यंत आलंय म्हणे’, असे कुणी बातमी आणायचे, आणि गल्लीतल्या बायका घागरी घासायला बसायच्या.